एक वाटी वेगळी

बडोदे, मंगळवार, संध्याकाळ

मुलीच्या लग्नात बायकांना द्यायला आज अलकापुरीतून कुंकवाचे करंडे घेतले. निवडले ताईनं. प्रत्येकाचं झाकण उघडून, लावून पाहिलं. एवढी परीक्षा आम्ही जावयाचीही घेतली नाही. शेवटी म्हणाली, "भाई, एक साधी वाटी द्या."

"बेन, एक अलग केम?"

"एक पाहुणी जरा वेगळी आहे."

मेव्हणे गेल्यापासून ताई कुंकू लावत नाही. मुलगी म्हणाली, "आत्या, तूही करंडाच घे ना!"

"त्यात काय ठेवू गं, हिंग?"

सगळे हसले. मीसुद्धा. मंगलाष्टकं तोंडपाठ असलेल्या माणसाला तेव्हा एक शब्द सुचू नये?

रिक्षात ताई एक करंडा उघडत होती, लावत होती.

"झाकण छान बसतं रे," म्हणाली.

"हो," म्हणालो. वाटी माझ्याच मांडीवर होती.