भोकं माझ्या हातची नव्हेत

तीर्थरूप बाबांना भट्टीवालीचा लांबूनच वाकून नमस्कार,

आधी आईला हाक मारा आणि मग हे मोठ्यांदा वाचा. मी जिंकले!

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पट्टी मी भट्टीत तापवून यंत्राने हळूहळू ओढते. ती च्युइंगमसारखी लांबत जाते आणि मग पटकन तुटते. या वेळी तुटायच्या आधीच थांबवली, कापली आणि मायक्रोस्कोपखाली धरली, तर आत बारीक बारीक भोकं! सर म्हणाले, "ही तूच पॉलिश करताना पाडलीस. घासताना धातूतले कडक कण उपटून येतात." प्रयोगशाळेतले सगळे हसले. माझं तोंड एवढंसं झालं.

मग सुचलं, की यंत्राच्या जबड्यात धरलेलं पट्टीचं टोकही बाकीच्या पट्टीइतकंच तापतं, पण ताणलं जात नाही. तेही कापलं, तस्संच घासलं. एकही भोक नाही! म्हणजे भोकं ओढल्यानेच पडतात. मऊ धातू पुढे सरकतो, कडक कण हटत नाही, मग त्याच्या कडेला फट राहते. अशा फटी एकमेकींना मिळाल्या, की पट्टी गेलीच. सरांनी स्वतः उठून मला चहा आणून दिला!

जेवण वेळेवर होतं. मनगटावर जरासं भाजलं होतं, पण आता खपली धरलीय. एवढं वाक्य आईसमोर गाळा.

तुमचा खोकला थांबला का? छातीचा एक्स-रे काढलात? "बघ की, ठणठणीत दिसतोय," असं मला सांगू नका. बाहेरून माझी पट्टीही ठणठणीतच दिसत होती, बाबा.

तुमचीच हट्टी,
भट्टीवाली