नाल्यावरच्या मोरीवर सापडलेल्या डब्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
हळदीकुंकू समारंभ दुर्घटना चौकशी,
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई.

अर्जदार : हौसेराव ज्ञानू जगदाळे, वय ४७, धंदा भांड्यांवर नावे घालणे, राहणार कोपरखैरणे.

विषय : दि. २२ जानेवारी १९९५ रोजी मयत झालेल्या अर्जदाराच्या पत्नीच्या हातातील डबा उघडून पाहणे, आणि ती कुठे चालली होती याची खरी नोंद करणे.

संदर्भ : नाक्यावरच्या फळ्यावर चिकटवलेली आपली सूचना, "ज्यांस माहिती असेल त्यांनी लेखी द्यावी."

महोदय,

१. खाली सही करणारा अर्जदार हा मयत शकुबाई हिचा नवरा आहे. अर्ज टाइप करून घ्यावा म्हणून अर्जदार बेलापूरला एका टायपिस्टकडे गेला होता. त्यांनी सांगितले की सरकारी अर्जात 'मी' लिहीत नाहीत, 'अर्जदार' लिहितात. एवढे सांगून त्यांनी दोन परिच्छेद वाचले आणि कागद परत दिला. म्हणाले, "काका, हे हातानंच लिवा. माझ्या मशीनचा 'र' तुटलाय, लोक लगेच ओळखतात." त्यामुळे अर्ज हाताने लिहिला आहे. अर्जदाराचा हात स्टीलवर लिहायला बसलेला आहे, कागदावर अक्षर मोठे येते. त्याबद्दल माफी असावी.

२. अर्जदाराकडे नावे घालायची विजेची मशीन आहे. तो भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून बसतो. आजूबाजूच्या सेक्टरांत अशी मशीन दुसऱ्या कुणाकडे नाही. संक्रांतीच्या आधी दोन पक्षांच्या माणसांनी त्याच एका दुकानातून वाणासाठी डबे उचलले. डबे एकाच मापाचे, एकाच खोक्यातले. त्यावर आपापल्या उमेदवाराचे नाव दोघांनीही अर्जदाराकडूनच घालून घेतले. अर्जदार पक्षांची नावे येथे लिहीत नाही. एकाचा मंडप नाल्याच्या डोंगराकडच्या अंगाला होता आणि दुसऱ्याचा खाडीकडच्या, म्हणून अर्जात डोंगराकडचे आणि खाडीकडचे असे म्हटले आहे. आचारसंहिता चालू होती हे अर्जदारास ठाऊक होते. ठाऊक नव्हते असे तो म्हणणार नाही.

३. नंतर डोंगराकडच्यांनी जाहीर केले की समारंभाला येणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव डब्यावर जागच्या जागी घालून मिळेल. ते ऐकून खाडीकडच्यांनीही तसेच जाहीर केले. दोघांचा समारंभ एकाच रविवारी. अर्जदाराला दोघांनाही नाही म्हणता आले नाही. चार ते सहा डोंगराकडे बसायचे आणि सहा वाजता खाडीकडे, असे त्याने दोघांना कबूल केले. एकाला दुसऱ्याचे सांगितले नाही. शकुबाईला तेवढे सांगितले. ती सकाळी चुलीशी बसून म्हणाली, "एका दिवशी दोन लग्नं लावणारा भटजी दोन्हीकडं उपाशी राहतो बघा." अर्जदार हसला आणि न जेवता दुकानाकडे गेला.

४. डोंगराकडे चार वाजता रांग लागली. बायका खुशीत होत्या. आपल्याकडे भांड्यावर बहुतेक नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे नाव असते. इथे अर्जदार बाईला विचारून तिचेच घालत होता. एकजण म्हणाली, "ओ नाववाले, ह्यांचं नाव घालू नका हां. डबा माझाय, भांडी मी घासते." सगळ्या हसल्या. सहाला पाच मिनिटे होती तेव्हा रांगेत अजून चाळीसएक बायका उभ्या होत्या. अर्जदाराने वायर गुंडाळली आणि म्हणाला, "थांबा, तिकडचं उरकून येतो." एक बाई म्हणाली, "आता तिकडं कुठं निघालात? आमची नावं कोण घालणार?" अर्जदार मशीन उचलून निघाला. तो नाल्यावरची मोरी ओलांडून खाडीकडच्या मंडपात गेला आणि प्लग लावला. तिथल्या माणसाने लगेच माइकवर सांगितले, "नाववाले आलेत, भगिनींनी रांगेत यावे, फक्त पन्नास नावे." कर्ण्याचा आवाज नाल्यापलीकडे स्वच्छ ऐकू जातो.

५. मोरी दोन माणसे शेजारून जातील एवढी आहे. डोंगराकडच्या बायका हातात डबे घेऊन पळत सुटल्या. इकडून डबे घेतलेल्या बायका परत निघाल्या होत्या. मधे जे झाले ते आपल्याला पंचनाम्यात दिसेल. नऊ बायका जखमी झाल्या आणि शकुबाई गेली. अर्जदार तेव्हा मान खाली घालून कुणाचे तरी नाव घालत होता. मशीनच्या आवाजात त्याला ओरडा ऐकू आला नाही. समोरची बाई उठून पळाली तेव्हा त्याने मान वर केली. नाव निम्मे राहिले होते.

६. शकुबाईबरोबर शेजारच्या बाळाबाई होत्या. त्यांनी अर्जदारास सांगितले की शकुबाई आधी डोंगराकडच्या मंडपात त्याला शोधत आली. तो पलीकडे गेला असे कळल्यावर ती मोरीकडे वळली. हातात डबा होता. डब्यात भाकरी आणि घेवड्याची आमटी होती, कारण तो सकाळपासून उपाशी होता. आता बाळाबाई म्हणतात, "भावोजी, मला काय आठवत न्हाय. मला यात घेऊ नका. माझ्या पोराला आत्ताच कामाला चिकटवलंय त्यांनी." कुणी ते त्या सांगत नाहीत. अर्जदाराचा त्यांच्यावर राग नाही. घाबरणे काय असते ते त्याला कळते.

७. आता पेपरांविषयी. आमच्या भागात दोन पेपर येतात. एक खाडीकडच्यांच्या बाजूने लिहितो, दुसरा डोंगराकडच्यांच्या. सोमवारी दोन्हीकडचे वार्ताहर घरी आले. अर्जदाराने दोघांनाही वर लिहिले आहे तेच सांगितले, मशीनसकट. पहिल्याने वही मिटली आणि म्हणाला, "काका, मशीनचं राहू द्या. बाई कुठल्या बाजूला चालल्या होत्या तेवढं सांगा." अर्जदार म्हणाला, माझ्याकडे. तो म्हणाला, "म्हणजे कुठल्या पक्षाकडे?" दुपारी दुसरा आला. त्यानेही शब्दाला शब्द हेच विचारले. दोघांनी फोटो मागितला. घरात शकुबाईचा एकच चांगला फोटो होता, भाच्याच्या लग्नातला, अर्जदाराबरोबर उभी असलेला. तो एकाने नेला, त्याच्याकडून आणून दुसऱ्याला दिला. दोन्ही पेपरांनी छापताना अर्जदाराला कापून टाकले. तिच्या खांद्यावर अर्जदाराचा हात तेवढा राहिला आहे, मनगटापर्यंत. कात्रणे सोबत जोडली आहेत, आपण स्वतः पाहावे.

८. मंगळवारी खाडीकडच्या पेपराने छापले की आमच्या भगिनींच्या स्नेहमेळाव्याला निघालेल्या निष्ठावंत कार्यकर्तीचा विरोधकांच्या भांडीवाटपाने बळी घेतला. डोंगराकडच्या पेपराने छापले की आमच्या मंडपातल्या निष्ठावंत कार्यकर्तीचा विरोधकांच्या भांडीवाटपाने बळी घेतला. म्हणजे डबा एकाच दुकानातला, नाव एकाच हाताने घातलेले. आपल्या मंडपातला डबा असेल तर 'वाण', समोरच्याचा असेल तर 'लाच'. आपल्या मंडपात गर्दी झाली तर 'अभूतपूर्व प्रतिसाद', समोरच्याकडे झाली तर 'पैसे देऊन आणलेल्या बायका'. अर्जदार कमी शिकलेला आहे. दोन्ही पेपर शेजारी ठेवून त्याने बोट लावून वाचले, तेव्हा त्याला वाटले की एकच बातमी आहे, फक्त नावाची जागा सोडून लिहिलेली. शकुबाई कुठल्याही पक्षाची नव्हती. ती मतदानाला जायची आणि कुणाला दिले ते घरातही सांगायची नाही.

९. आपली चौकशी जाहीर झाली आणि वाण वाटणाऱ्यांवर गुन्हा होईल अशी बोलवा उठली. त्याबरोबर दोन्ही पेपर उलटे फिरले. आता शकुबाई कुणालाच नको झाली. खाडीकडच्या पेपराने लिहिले की ती डोंगराकडच्यांची पगारी बाई होती आणि तिच्या हातातल्या डब्यावर त्यांच्या उमेदवाराचे नाव आहे. डोंगराकडच्या पेपराने लिहिले की ती खाडीकडच्यांची पगारी बाई होती आणि डब्यावर त्यांच्या उमेदवाराचे नाव आहे. दोघांनी फोटो एकच छापला. त्यात चादर दिसते आणि डबा दिसतो. डब्यावरचे एकही अक्षर वाचता येत नाही.

१०. तेराव्याला दोन्हीकडची माणसे दारात आली. नावे अर्जदार तोंडी सांगेल, लिहून देणार नाही. डोंगराकडचे म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी चौकशीत साहेबांपुढे फक्त म्हणायचं, तिकडच्या माइकमुळं झालं. बाकी तुमी काय बघितलं न्हाय." ते जाईपर्यंत खाडीकडचे जिन्यात थांबले होते. आत आल्यावर ते म्हणाले, "नाववाले, तुमी तिकडं बसला होता हे सांगा. हिकडं बसला होता हे कशाला सांगताय? तुमच्याच गळ्यात येईल." मग मशीनकडे बघून म्हणाले, "चांगली चीज आहे. जपा." अर्जदाराची मुलगी मंजुषा दहावीला आहे. मार्चमध्ये परीक्षा असल्याने तिला गावी मामाकडे धाडता येत नाही. क्लास सुटल्यावर एक स्कूटरवाला तिला दोनदा म्हणाला, "बाबा बरे आहेत ना?" एवढेच म्हणाला. तो कुणाचा ते तिला सांगता येत नाही, आणि अर्जदाराला तेच सर्वांत वाईट वाटते. कुणाला भ्यायचे हे तरी माणसाला ठाऊक असावे. दुकानदाराने स्टूल आत घेतले आहे. जिन्यात पावले वाजली की मंजुषा पुस्तक मिटते.

११. साहेब, अर्जदाराची भीती डब्याची आहे. डबा आपल्याकडे सीलबंद आहे आणि आपल्या कार्यालयावर त्याचा काडीचा संशय नाही. परंतु भांड्यावर नाव घालायला अर्जदारास दोन मिनिटे लागतात. जुने नाव पॉलिशच्या चाकावर घासून घालवायला पाच. तसाच डबा कुठल्याही दुकानात मिळतो. हे काम किती सोपे आहे ते ज्याने जन्मभर केले त्याला झोप कशी लागेल? दोन्ही पेपरांनी डब्यावर नाव आधीच लिहून टाकले आहे. आता फक्त डब्यावर ते उमटायचे राहिले आहे.

१२. तो डबा वाणाचा नाही. अर्जदाराच्या लग्नातला आहे. तेव्हा मशीन नव्हती, छिन्नी आणि हातोडीने ठिपके पाडून नाव घालत. अर्जदार तेव्हा साताऱ्यात हे काम शिकत होता. त्या डब्यावर बुडाशी 'शकू' एवढेच आहे. ठिपके खोल-उथळ आहेत, कारण हात नवा होता. मशीनने तसे अक्षर काढता येत नाही. तपासण्यासाठी म्हणून अर्जदाराने त्याच जुन्या छिन्नीने एका चमच्यावर काल तेच नाव घातले आहे आणि तो चमचा अर्जाला जोडला आहे. हात आता चांगला बसला आहे, तरी ठिपक्यांची चाल तीच आहे. आपण भिंग लावून पाहावे.

१३. तरी विनंती की शुक्रवार दि. १० रोजी डबा सर्वांसमोर उघडावा, दोन्ही पेपरांच्या वार्ताहरांना समोर बसवून. आत काय आहे ते पंचनाम्यात लिहावे. पंधरा दिवस झाले आहेत, अन्नाचे काय झाले असेल ते अर्जदारास माहीत आहे, तरी भाकरी असे लिहावे. मोरीवर बायका का पळाल्या ते लिहावे, आणि दोन्हीकडे कबूल करून रांग अर्धी टाकून कोण गेला तेही लिहावे. त्या माणसाचे नाव दोन्ही पेपरांनी वगळले, कारण ते छापले तर दोन्ही मंडप एका ओळीत येतात. शिक्षा असेल ती अर्जदारास मान्य आहे. फक्त शुक्रवारपर्यंत हा अर्ज कुणाला दाखवू नये. अर्जदारास आत ठेवायचे झाल्यास मंजुषाची परीक्षा होईपर्यंत तिच्या मामाला येथे येऊन राहता येईल एवढी मुदत द्यावी. काम झाल्यावर डबा परत मिळावा. घासून दिला नाही तरी चालेल.

१४. टायपिस्टने सांगितले होते तसे येथवर लिहिले. शेवटची ओळ तशी लिहिता येत नाही. साहेब, ती कुठल्याच मंडपात चालली नव्हती. ती माझ्याकडे येत होती.

शुक्रवारी आपल्या दारात सकाळपासून उभा असेन.

आपला नम्र,
(सही)
हौसेराव ज्ञानू जगदाळे
कोपरखैरणे, दि. ६ फेब्रुवारी १९९५

सोबत :
१. दोन्ही पेपरांची कात्रणे, मंगळवारची आणि नंतरची.
२. भाच्याच्या लग्नातला फोटो, न कापलेला. पाहून परत मिळावा.
३. स्टीलचा चमचा एक, 'शकू' नाव घातलेला.