पान नऊ, डावीकडचं चित्र

प्रिय दादा,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तो फोटो कलाविभागातल्या कुणीतरी जुन्या वर्तमानपत्रातून उचलला, आणि पोस्टर भिंतीवर लागेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता. हे खरं नाही. फोटो मीच दिला. माझ्याच फोनमधून, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. तू एवढंच विचारलं होतंस की आईला भिंतीवर कुणी चिकटवलं. उत्तर एका शब्दाचं होतं आणि मी तुला दोन पानं लिहिली, त्यावरूनच तू ओळखलं असशील.

फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि दर वेळी तू अंघोळीला गेलेला असतोस. एवढी स्वच्छता तुझ्या अंगात कधी नव्हती. तिला म्हणावं, बिचारीला माझ्यापायी खोटं बोलावं लागतंय, मी काही मनात धरलेलं नाही.

माझं काम काय, हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू चारचौघांत त्याला भाटगिरी म्हणायचास आणि मी चिडून उठून जायचे. पक्षाच्या पुस्तिकेत जे जे छापायचं त्याला कागदाचा आधार आहे की नाही, हे बघणं माझं काम. चाळीस शाळांवर नवं छप्पर घातलं असं वाक्य आलं, की चाळीस मुख्याध्यापकांची पत्रं माझ्या फाइलीत हवीत. एकदा एक पत्र कमी निघालं, तर मी एकोणचाळीस छापायला लावलं. तेव्हापासून कार्यालयात मला सगळे एकोणचाळीस म्हणतात. चहावाला सुद्धा. मला ते आवडायचं. आईला सांगितलं असतं तर तिलाही आवडलं असतं, कारण हे वेड तिचंच. आपली शाळा म्हणजे तिचं शिवणाचं टेबल. मशीन एका बाजूला सरकवून ती आपल्या वह्या मांडायची. तू गणितं पटापट उरकून पळायचास, मी नऊ वर्षांची होईपर्यंत तिथेच बसून राहिले. खोडरबर तिनं घरात येऊच दिला नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, चूक खालून वाचता आली पाहिजे, आणि शेजारी बरोबर उत्तर. माझ्या वह्या बघून पुढे शाळेतल्या बाई दचकल्या होत्या.

या वेळच्या पुस्तिकेत प्रत्येक पानावर दोन चित्रं आहेत. डावीकडे ‘तेव्हा’, म्हणजे आधीच्या लोकांचं राज्य. उजवीकडे ‘आता’, म्हणजे आमचं. खाली दोन ओळी त्यांच्या नीतिमत्तेवर. त्या ओळी उगाच लिहिलेल्या नाहीत, दादा. त्यांनी औषधांच्या मुदती खोडून तीच औषधं पुन्हा वाटली, त्याचे कागद मी स्वतः पाहिलेत. पान नऊ रुग्णालयांचं. उजवीकडचा फोटो तयार होता: आपल्याच गावच्या रुग्णालयातला तो मोठा वॉर्ड, पांढऱ्या चादरी, दोन खाटांमध्ये पडदे. मी स्वतः जाऊन खाटा मोजून आले होते. अठ्ठेचाळीस. सगळ्या खऱ्या. डावीकडे मात्र घालण्यासारखं काही सापडेना. जुन्या फोटोंत फक्त एक रिकामा व्हरांडा निघाला. आमचे प्रचारप्रमुख, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते तो बघून म्हणाले की रिकाम्या व्हरांड्याचा कुणाला राग येत नाही.

मग मी फोन उघडला. तू पाठवलेला तो फोटो मी साडेचार वर्षांत तीनदा पाहिला असेन. जमिनीवर अंथरलेली सतरंजी, घरून नेलेलं निळं ब्लँकेट, भिंतीला टेकलेला सलाइनचा दांडा. चेहरा नाही. ब्लँकेटच्या कडेतून बाहेर आलेली तीन बोटं तेवढी. मला वाटलं, चेहरा नाही म्हणजे कुणी ओळखणार नाही. मला वाटलं, आपली सत्ता येऊन तेव्हा पाचच महिने झाले होते, पाच महिन्यांत कुठे वॉर्ड बदलतो, म्हणजे तो वॉर्ड त्यांचाच. हेही वाटलं की आई गेली ती गेली, निदान कुणाला तरी लाज वाटायला कारण होईल. एवढी सगळी कारणं एका वेळी सुचायला लागली तेव्हाच मी थांबायला हवं होतं. एकोणचाळीस थांबली असती.

कलाविभागानं फोटो जुना दिसावा म्हणून त्यातला रंग काढून टाकला. ब्लँकेट राखाडी झालं. खाली ओळ आली: ‘यांच्या राज्यात माणसं जमिनीवर मरत होती आणि यांची मान खाली जात नव्हती.’ म्हणजे आई आणखी एकदा मेली, खरी गेली त्याच्या निदान पाच महिने आधी, दुसऱ्यांच्या राज्यात. तुझी ती म्हण आठवली, आपला तो बाब्या.

मला ती दिसते वगैरे म्हणत नाही, तू हसशील. पण ती सगळीकडे आहे. बसथांब्यावर, पाण्याच्या टाकीवर, माझ्या घरासमोरच्या शिंप्याच्या शटरवर. शटर वर गेलं की ती गुंडाळली जाते. कार्यालयात तिला ब्लँकेटवाली म्हणतात. ब्लँकेटवाली मोठी करा, ब्लँकेटवालीच्या आणखी पाच हजार काढा. लिफ्टच्या दारावर तर तिला अर्ध्यात लावली आहे, डाव्या फळीवर ‘तेव्हा’ आणि उजव्या फळीवर ‘आता’. दार उघडलं की आई भिंतीत सरकते, बंद झालं की परत येते. मी चार मजले जिन्यानं चढते. आणि ती बोटं. काल बसथांब्यावर मला वाटलं की चौथं बोटही बाहेर आलंय. मी जवळ जाऊन मोजलं. तीनच होती. दुसऱ्या पोस्टरवर मोजली, तीन. आज सकाळी पुन्हा मोजली. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मला विचारलं, ओळखीच्या आहेत का तुमच्या? मी नाही म्हणाले. दादा, मी नाही म्हणाले.

आता ते लिहिते जे मी तुला कधीच सांगितलं नाही. तिच्या आजारपणात मी दोन दिवस उशिरा पोचले. गाडीचं तिकीट मिळालं नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं, मावशीला तर शपथेवर. तिकीट माझ्या पर्समध्ये होतं. मी थांबले कारण आमच्या सरकारच्या पहिल्या दीडशे दिवसांचा अहवाल दुसऱ्या दिवशी छापायला जायचा होता आणि रुग्णालयांचं पान माझ्याकडे होतं. खाटा मागवल्याचं पत्र माझ्या फाइलीत होतं. मागवल्या म्हणजे पोचल्या, असं मी धरलं. ‘सरकारी रुग्णालयांत आता एकही रुग्ण जमिनीवर नाही’, हे वाक्य मी लिहिलं, खाली ‘तपासले’ म्हणून सही केली, आणि तेवढ्यात तुझा फोटो आला. त्याखाली तू लिहिलं होतंस, ‘बघ, तुझ्या सरकारचा वॉर्ड.’ मी फोन पालथा ठेवला. वाक्य बदललं नाही. खाटा खरंच आल्या, पण तिच्यानंतर सात महिन्यांनी. तू मला दाखवायला जो फोटो पाठवलास, तोच मी दुसऱ्यांच्या तोंडावर फेकला.

परवा काकांच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. मी तापानं पडले होते तेव्हा तीन दिवस त्यांच्या घरून डबा आला. त्यांनी दार लोटलं, मला पाणी दिलं आणि म्हणाले, “बाई जमिनीवर होती की नव्हती? मग खोटं काय आहे त्यात?”

मी म्हटलं, तारीख.

“तारीख कोण बघतं, पोरी? आणि आपण पडलो तर ते परत येणार. मग त्या अठ्ठेचाळीस खाटांचं काय होईल, ते तू मोजायला जाशील का?”

ते म्हणतात तसं होऊ शकतं. मी बोलले आणि ते लोक निवडून आले, तर उद्या कुणाची तरी आई पुन्हा सतरंजीवर असेल आणि त्यात माझा हात असेल. हे मला कळत नाही असं समजू नकोस. मी दोन्ही बाजूंनी घाबरलेली आहे. पण त्या बसथांब्यावर मी पुन्हा ‘नाही’ म्हणू शकत नाही.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच, की तुला हे माझ्याकडून आधी कळावं. मतदानाच्या आधी पुस्तिकेवर शेवटची पत्रकार परिषद आहे. आम्ही पुराव्याशिवाय बोलत नाही, हे लोकांना दाखवायला काकांनी या वेळी तपासणारीलाच माइकसमोर बसवायचं ठरवलं होतं. परवाच्या बोलण्यानंतरही त्यांनी ते बदललेलं नाही. मी गप्प बसेन अशी त्यांना खात्री आहे, की त्यांनाच मी बोलावं असं कुठेतरी वाटतंय, हे मला ठरवता येत नाही. मी पान नऊ उघडून डावीकडच्या फोटोची खरी तारीख सांगणार आहे, तो कुणी काढला, कुणाला पाठवला आणि त्या दिवशी मी कशावर सही केली तेही. आईचं नाव सांगेन. त्यानंतर तुझ्या दारात लोक येतील. मूळ फोटो तुझ्याकडे आहे, दाखवायचा की नाही ते तू ठरव. माझी बाजू घेऊ नकोस. माझ्याविरुद्ध बोलावंसं वाटलं तर तेही बोल, मी ते खोडणार नाही. मला अडवायचं असेल तर मात्र तोपर्यंत फोन कर, मी उचलेन, आणि तरीही जाईन. सोमवार, चौदा तारीख, सकाळी अकरा वाजता.

तू बोलत नसलास तरी तुझीच,
धाकटी