अर्धा तास नुसतं बसायचं

३ मार्च, सोमवार
कोपऱ्यावरच्या क्रेपच्या, म्हणजे मैद्याच्या पातळ परदेशी धिरड्यांच्या, हॉटेलात धाकट्या जावेचं चित्र लागलंय. हनुवटी एकच दाखवलीय, म्हणजे चित्रकार खोटारडा आहे. पण हात चांगला. मालकिणीचा भाऊ तो. गल्लीतली माणसं जेवताना काढतो आणि भिंतीवर टांगतो. पोस्टमन झाला, न्हावी झाला, जाऊ झाली. बावीस वर्षं अख्ख्या गल्लीच्या पँटी मी आखूड करते, आणि मी नाही!
सरळ जाऊन सांगितलं, मला काढ. म्हणाला, काढतो की मावशी, चारदा या, अर्धा अर्धा तास नुसतं बसायचं आणि खायचं. जावेला जमलं म्हणजे कुणालाही जमेल. दाराजवळचा रिकामा खिळा माझा. तेवीस तारखेला सगळ्या गल्लीला बोलावून दाखवणार आहेत.
घरातल्या एकाही फोटोत मी नाही. लेकीच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा. फोटोवाला फार घाईचा होता.

५ मार्च, बुधवार
पहिली बैठक. खिडकीजवळचं टेबल. दगडासारखी बसले. फक्त एकदा उठले, कारण पडदा उसवला होता आणि सुई पर्समध्ये होतीच. आणि एकदा समोरची बोटीची तसबीर तिरकी होती म्हणून. सरळ केल्यावर कळलं की बोटच तिरकी काढलीय. परत तिरकी केली. एकूण बसणं उत्तम.
संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तू? बसलीस? आणि हसता हसता ठसका लागला. पाणी आणायला मलाच उठावं लागलं.

१० मार्च, सोमवार
सकाळी ९. निश्चय: आज काही झालं तरी खुर्ची सोडायची नाही.
दुपारी २. सोडली. माझी चूक नाही. क्रेप येईना म्हणून स्वयंपाकघरात डोकावले. मालकीण तव्यावर पीठ असं फिरवतेय, जणू बाळाला झोपवतेय. मी म्हटलं, अगं मनगट हलव, मनगट! तिच्या हातातून पळी घेतली. पहिला फाटला. दुसरा फाटला. तिसरा चिकटला, तो तव्याचा दोष. मालकीण म्हणाली, मावशी, तुमचा क्रेप तिकडे टेबलावर थंड होतोय. म्हणजे आला होता! आधी सांगायला काय होतं?

१२ मार्च
घरी बसायचा सराव. चार मिनिटं. दूध उतू गेलं.

१४ मार्च, शुक्रवार
नामी युक्ती. दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना गुंडाळून बसले. चांगली वीस मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळात बघून. मालकीण म्हणते ते घड्याळ नाही, चित्र आहे. असली कसली सजावट!
मग पलीकडच्या साहेबांच्या कोटाचं बटण दिसलं. एका धाग्यावर लोंबत होतं, सूपच्या बरोबर वर. गेले, शिवलं. साहेब म्हणाले, अहो बाई, मी जेवतोय. मी म्हटलं, जेवा की, मी काय तोंड धरलंय तुमचं?
चित्रकाराला विचारलं, कसं होतंय? म्हणाला, टेबल झालं, खिडकी झाली, आता तुमची वाट बघतोय. किती आदराने बोलतो पोरगा!

१९ मार्च, बुधवार
शेवटची बैठक. जाऊ मुद्दाम आली. लिंबू-साखरेचा क्रेप, चिमणीएवढे घास. म्हणाली, ताई, तुम्हाला नाही जमायचं, बसायला अंगात शांती लागते. मी म्हटलं, दिसतंय गं, बसून बसून खुर्चीच्या आकाराची झालीस. एवढं बोलायलाच फक्त तिच्या टेबलापर्यंत गेले. तिथे दिसलं की तिच्या पाठीची चेन अर्धीच लागलीय. लावली. मग एक बाई तान्हं घेऊन आली, बिचारीला खाता येईना. बाळ मी घेतलं. सगळी चित्रं दाखवली त्याला, संडासातलीसुद्धा. तीन फेऱ्या झाल्या.
परत येते तर चित्रकार ब्रश धुतोय. म्हणाला, झालं, मावशी. माझं चारच बैठकांत! जावेला सहा बैठका लागल्या होत्या.

२३ मार्च, रविवार
सगळी गल्ली जमली. मालकिणीने फडकं काढलं.
टेबल आहे. खिडकी आहे. क्रेप आहे, एक घास खाल्लेला, मेल्याने वाफसुद्धा काढलीय. खुर्ची आहे, मागे ढकललेली.
मी नाही.
विचारलं, मी कुठाय? म्हणाला, मावशी, जे दिसलं ते काढलं. तुम्ही बसलातच कधी?
सगळे हसले. जाऊ सगळ्यांत मोठ्याने. न्हावी म्हणाला, पण अगदी हुबेहूब आलंय हो. पोस्टमन म्हणाला, नाव लिहायचीसुद्धा गरज नाही.
मला कढ आला होता, खोटं कशाला लिहू. सगळे खायला वळल्यावर अगदी नाक लावून चित्र बघितलं. डावीकडे, स्वयंपाकघराच्या दारात, एक तपकिरी ठिपका आहे. चित्रकार म्हणतो, रंग सांडला.
त्याला काय कळतंय. ते माझं कोपर आहे. आणि जावेच्या कोपरापेक्षा कितीतरी बारीक आहे.