आधी पोचलेला कागद

बाबा, मागच्या महिन्यात शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. शोधाचा हक्क, म्हणजे पेटंट, आधी अर्ज करणाऱ्याला देण्याची रीत कोणत्या देशात कशी आहे, एवढाच विषय. माझ्यासारखा सदर भागातल्या एका कचेरीत जन्म घालवलेला म्हातारा दुसरं काय बोलणार! मी फळ्यावर देश लिहीत गेलो आणि मुलं मोबाइलमध्ये बघत बसली. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पण ज्याले खरंच आधी सुचलं त्याचं काय?" मी खडू खाली ठेवला, पाणी प्यायलो, वेळ संपली म्हणालो. वेळ संपली नव्हती. तिला द्यायचं उत्तर आधी तुम्हाला द्यायला हवं होतं, आणि तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झालीत. म्हणून सरळच लिहितो. तुमची ती आऱ्यावरची पकड काकांनी कोणाला विकली नव्हती. आपला अर्ज उशिरा गेला तो माझ्यामुळे.

डोळे मिटले की लकडगंजातली ती आरा मशीन अजून दिसते. पत्र्याचं छत, सागवानाचा कडवट वास, तुमच्या भुवयांवर बसलेला भुसा. मी शाळेतून तसाच तिकडे यायचो, गुरुजींनी शिकवलेली कविता चालीवर म्हणत, आणि तुम्ही पट्टा उतरवून आऱ्याला गप्प करायचा. "म्हन गा," म्हणायचा, "आता आयकू येते." मी ज्यांना काका म्हणायचो ते तुमचे दोस्त तेव्हा शेजारच्या शेडमध्ये पात्यांना धार लावायचे. तुमचा आणि त्यांचा डबा एक. ज्या दिवशी ओंडका उसळला आणि त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, त्या दिवशी तुम्ही त्यांना हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलंत. घरी आल्यावर जेवला नाहीत. आईनं विचारलं तर म्हणालात, "भुशात दोनच सापडले वं."

त्यानंतर दीड वर्ष तुम्ही सुट्टीचे दिवस मशीनपाशी घालवलेत. लोखंडाचे दात घासलेत, मोडलेत, पुन्हा घासलेत. शेवटी जमलं. ओंडका उसळला की पकडीचे दात त्याच्यात रुतायचे, आणि त्याच झटक्यानं पट्टा सैल पडून आरा थांबायचा. पहिल्या दिवशी दार लावून तुम्ही ती फक्त काकांना दाखवलीत. ते उरलेल्या दोन बोटांनी दात चाचपत म्हणाले, "थोडं आधी सुचलं असतं तं का बिघडलं असतं रे तुह्यं?" आणि तुम्ही दोघं हसत बसलात. मी आतून दाराशी उभा होतो. एवढ्या दुःखावर माणसं हसतात कशी, हे मला तेव्हा कळलं नाही.

मी त्याआधी वर्षभर सदरला पेटंटचं काम करणाऱ्या साहेबांकडे टायपिस्ट म्हणून लागलो होतो. नोकरी लागली तेव्हा तुम्ही सागाच्या तुकड्यांचं उतरतं लिहायचं मेज करून दिलं होतं. साहेबांच्या कचेरीची एक रीत होती. मिस्त्री, कारागीर आले की त्यांच्या तोंडून सगळं मराठीत उतरवून घ्यायचं, त्यांना वाचून दाखवायचं, मग साहेब त्याचं इंग्रजी करत आणि अर्ज टपालानं मुंबईला जाई. तारीख धरली जाई ती अर्ज तिथं पोचल्याची. त्यातही एक सोय होती. आधी दोन पानांचा कच्चा अर्ज टाकायचा, तारीख पदरात पाडून घ्यायची, आणि पक्कं वर्णन वर्षभरात द्यायचं. तुमचं काम आलं तेव्हा साहेबांनी मला आत बोलावून बजावलं, "हे बघ, घरचं काम आहे म्हणून लाड करू नकोस. परवापर्यंत कच्चं माझ्या टेबलावर पाहिजे. हा कायदा शहाण्याला ओळखत नाही, आधी आलेल्याला ओळखतो." हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं. तुम्हाला सांगायचं काम माझं होतं.

आणि मी काय केलं? मी सजवत बसलो. माझ्या बापाची वस्तू सरकारदरबारी जाणार, ती रुक्ष शब्दांत कशी जाईल, असं मला वाटत होतं. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापते आहे, तुम्ही उंबऱ्यावर पाय पसरून बसला आहात, आणि मी त्या मेजावरून वाचतो आहे: उन्मत्त ओंडका उसळताच आपल्या दंतपंक्तीने त्यास आवरून धरणारी ही पकड...

"आऱ्याचं वर्णन हाये का नवरीचं?" आई म्हणते.

"दंतपंक्ती!" तुम्ही मान डोलावता. "म्या तं साधे दातच घासून बसवले होते. वाच गा, पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचतो. दुसऱ्या दिवशी ते वाक्य बदलतो. साहेब विचारतात तेव्हा बाबांची तब्येत बरी नाही, माहिती अर्धीच मिळाली, असं काहीबाही सांगतो. असे तीन आठवडे गेले. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. उलट कामावर सांगत होतात, "माह्यं पोरगं लिहून राहिलं, लई सुंदर लिहून राहिलं." साहेबांनी शेवटी कागद हातातून ओढून घेतले, सगळी विशेषणं लाल पेन्सिलीनं कापली, आणि इंग्रजीत जेमतेम दीड पान उरलं. ते दीड पान मी पहिल्याच दिवशी देऊ शकलो असतो.

दोन वर्षांनी मुंबईहून आक्षेपाचं पत्र आलं. हीच रचना दुसऱ्या एका कारखानदाराच्या अर्जात आहे, आणि त्याची तारीख आपल्याआधी आहे. किती आधी? नऊ दिवस. तो माणूस दूरच्या प्रांतातला. त्याला तुमचं नाव माहीत नव्हतं आणि तुम्हाला त्याचं. त्याच्याही कारखान्यात कोणाचा तरी हात गेला असेल आणि त्यालाही झोप लागली नसेल, दुसरं काय. पण एकच गोष्ट दोन डोक्यांत वेगवेगळी येऊ शकते, हे तुम्हाला पटेना. "पाह्यलं कोनं? एकट्यानं पाह्यलं," तुम्ही म्हणालात, आणि चप्पल न घालता काकांच्या शेडकडे निघालात, मी मागोमाग.

काका धारेच्या चाकापाशी बसले होते. तुम्ही सगळ्या शेडसमोर म्हणालात, "तुह्या बोटांसाठी केलं अन् तूच इकलं?"

"कोनाची शपथ घेऊ गा? पोरीची घेऊ?"

"घेऊ नको. त्या पोरीले काहून मधात आनतो!"

काका उठले, चाक थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी कचेरीत असतो, कागदांचं मला कळतं, म्हणून मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असणार. माझ्या खिशात ते पत्र होतं, त्यावर दोन्ही तारखा होत्या. मी खाली भुशाकडे बघत राहिलो.

साहेबांनी तरी एक वाट दाखवली होती. पकड त्या माणसाच्या अर्जाआधी आपल्याकडे उघड चालू होती असं सिद्ध झालं, तर त्याचा हक्क पडला असता. आपलाही पडला असता, पण मग ती पकड कोणीही बसवू शकला असता. त्यासाठी साक्ष लागणार होती, आणि सुरुवातीपासून ती पाहणारा घराबाहेरचा साक्षीदार एकच, काका. तुम्ही त्यांच्या दाराशी जायला तयार नव्हता. "मले दुसऱ्याचं पाडाचं नाही. माह्यं होतं ते पाहिजे," म्हणालात. मग आरा मशीनच्या मालकाला त्या कारखानदाराची नोटीस आली आणि त्यानं आऱ्यावर बसवलेली पकड काढून ठेवली. त्या पावसाळ्यानंतर त्याच आऱ्यावर एका हमालाचा हात कोपरापासून गेला. तुम्हीच त्याला धरलंत. त्या दिवसानंतर तुम्ही मला कविता म्हणायला सांगितलं नाही, आणि मीही म्हटली नाही. पुढे चार वर्षांत तुम्ही गेलात. काका अंत्ययात्रेत सगळ्यात मागे चालत होते. घाटावर त्यांना कोणी लाकूड टाकायला बोलावलं नाही. मी बोलावू शकत होतो.

मग मी काय केलं सांगू? देशोदेशीचे कायदे वाचले. साहेब वारले, कचेरी त्यांच्या मुलाकडे गेली, टाइपरायटर जाऊन संगणक आले, आणि आता तर अर्ज घरबसल्या मिनिटात जातो. मी मात्र वाचत राहिलो. लोकांना वाटायचं, म्हातारा किती अभ्यासू! मी तुम्ही जिंकाल असा एखादा देश शोधत होतो. अमेरिकेत तेव्हा आधी अर्ज कोणाचा हे बघत नसत, आधी सुचलं कोणाला ते बघत. वह्या तपासत, साक्षी काढत. मला वाटलं, सापडला. पुढे वाचलं तर कळलं, परदेशात लागलेल्या शोधाचा दिवस ते तेव्हा मोजतच नसत. म्हणजे लकडगंजातली तुमची ती दीड वर्षं तिथंही शून्य. आता त्यांनीही आधी अर्ज करणाऱ्याचीच रीत धरली आहे, फक्त स्वतः शोध उघड केला तर वर्षभराची सवलत ठेवली आहे. युरोपात तीही जवळपास नाही, अर्जाआधी चारचौघांत दाखवलंत की संपलं. जपानात एकाच दिवशी दोन अर्ज आले तर दोघांना म्हणतात, बसा आणि आपसात ठरवा, नाही ठरलं तर कोणालाच नाही. ते वाचून मी कितीतरी वेळ खिडकीशी बसलो होतो. तुम्ही आणि तो अनोळखी कारखानदार सतरंजीवर समोरासमोर, मध्ये चहा. आणि जर्मनीत, बाबा, जो माणूस आधीपासून प्रामाणिकपणे वस्तू वापरत होता, त्याला हक्क मिळाला नाही तरी आपल्या कारखान्यात ती वापरत राहता येते. तिथं असता तर पकड जागेवर राहिली असती. त्या हमालाचा हातही. पण कोणत्याच देशात अर्ज दाबून बसलेल्या पोराबद्दल एक ओळ नाही.

कॉलेजातून आल्यावर आठवडाभरानं काकांच्या मुलीचा फोन आला. ते सावनेरला तिच्याकडे असतात, म्हणजे होते. म्हणाली, "भाऊ, बाबा दोन महिने झाले बिछान्यावर आहेत. तुमाले बलावून राहिले." मी गेलो. जाताना ठरवलं होतं, आज सांगायचं. खाटेवर ते एवढेसे दिसत होते. त्यांनी त्या दोन बोटांनी माझं मनगट धरलं.

"बाबू, तुले कागदाचं समजते. तुह्या बापाले शेवटपर्यंत वाटे का, म्या इकलं म्हनून?"

मी त्यांना कायदा सांगायला लागलो. अमेरिका, जपान, जर्मनी. मुलगी दाराला टेकून उभी होती.

"अन् आपल्याकडे?"

"आपल्याकडे ज्याचा कागद आधी पोचला त्याचं, काका. त्या माणसाला स्वतःलाच सुचलं होतं. कोणी विकलं नव्हतं. त्याचा नऊ दिवस आधी पोचला."

"मंग आपला उशिरा काहून पोचला?"

हाच तो प्रश्न. तोंड उघडलं, आणि म्हणालो, "टपालात अडकला होता."

त्यांचा चेहरा असा सैल झाला, की मला बघवेना. "आयकलं का वं?" ते मुलीला म्हणाले, "टपालानं केलं. म्या नाही केलं. च्या ठेव भाऊसाठी, साखर जास्त टाक." आणि मला म्हणाले, "तुह्या बापाले हे कोनी सांगितलंच नाही, नाही का रे? बिचारा."

मागच्या सोमवारी ते गेले. त्यांना जे समजायला हवं होतं ते समजलं, असं मुलगी फोनवर म्हणाली, आणि रडत रडत माझे आभार मानले.

हे पत्र घेऊन मी कुठे जाणार? पाकीट आणलं नाही, वर पत्ता लिहिला नाही. फक्त एवढं तुम्हाला माहीत असावं. आपला अर्ज टाकल्यापासून तिसऱ्या दिवशी मुंबईला पोचला होता, वेळेवर. आणि त्या दिवशी सावनेरहून परतताना मला पश्चात्ताप वगैरे झाला नाही, बाबा. खिडकीपाशी जागा मिळाली, वारा लागला, आणि मला इतकी गाढ झोप लागली की माझा सदरचा थांबा मागे पडला. कंडक्टरनं खांदा हलवून उठवलं, तेव्हा बस रिकामी होती.