सुकापूरच्या परसातला तिसरा कॅमेरा

मी, गोदूबाई बळीराम घरत, वय बहात्तर, राहणार सुकापूर, तालुका पनवेल, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दाब नाही, औषधाची गुंगी नाही. अक्षर हलले आहे ते वयाने नव्हे, परवाच्या आनंदाने.

१. माझ्या नावावरचे राहते घर मुलगा हरेश यास मिळावे. नथ व पाटा-वरवंटा मुलगी निशा हिला. मिक्सरच्या वाटणाला चव नसते हे तिने मान्य केले आहे. या पत्राचा अंमलही तिनेच करावा.

२. घरासोबत एक अट आहे. चार वर्षांपूर्वी परसातून पाण्याचा पंप चोरीला गेला, तेव्हा हरेशने चार कॅमेरे बसवले. तिसऱ्यात आमच्या परसापेक्षा शेजारच्या सकीना मुकादमचे अंगणच जास्त दिसे. तिची मुलगी नशरा तिथे रोज सकाळी गोळाफेकीचा सराव करी. गोळा मानेला टेकवून गर्रकन वळे आणि फेके. मी चहा घेऊन पडद्यासमोर बसू लागले. मालिका सुटल्या.

एके दिवशी सकीना आली. म्हणाली, "मावशी, तुमचा कॅमेरा आमच्या अंगणात बघतो. पोरीला मोकळं वाटत नाही. जरा फिरवाल का?"

हरेश म्हणाला, "आमच्या भिंतीवर हाय. आमी नाय फिरवनार."

मी तिथेच होते आणि गप्प राहिले, कारण मला रोज बघायचे होते. ही चूक हरेशच्या नव्हे, माझ्या नावावर धरावी.

दुसऱ्या दिवशी सकीनाने हिरवी जाळी बांधली. अंगण एवढेसे झाले, नशराचा सराव थांबला. पंधरा दिवस मी पडद्यावर नुसती जाळी बघितली. मग लग्नानंतरची वर्षे आठवली. सासरी न्हाणीला आडोसा नव्हता. कोणी बघेल म्हणून अंग चोरून वावरायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही. तेच मी त्या पोरीला देत होते.

हरेश कामावर गेल्यावर कोन गावच्या कॅमेरावाल्या शैलेशला बोलावले, तिसरा कॅमेरा उतरवला आणि तो हातात घेऊन सकीनाच्या दारात गेले. नशरा बाहेर आली. तिला म्हटले, "पोरी, मी तुला रोज बघत व्हते. तुला इचारलं नाय. चुकलं माजं."

तिने कॅमेरा माझ्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "आजी, बघायचंय तर इथे खुर्ची टाकून बसा ना." जाळी निघाली, आणि त्या दिवसापासून मी तिथे बसते.

सबब, या घरात जो राहील त्याने कॅमेरे जरूर लावावेत, पण त्यात आपलेच दार, आपलेच फाटक दिसावे. शेजाऱ्याचे अंगण, खिडकी, वाळत घातलेले कपडे दिसू नयेत. लावताना शेजाऱ्याला बोलावून पडदा दाखवावा.

३. परवा रविवारी साताऱ्याला राज्य स्पर्धेत नशराने तेरा मीटर दहा गोळा फेकला आणि पहिली आली. मी तिथे होते. पंचांनी फीत ताणून आकडा सांगितला तेव्हा सकीना मटकन खाली बसली आणि मी, गुडघे दुखत असताना, बाकावर उभी राहिले. आता तिला अंगण पुरत नाही. म्हणून परसामागचा गावठाणातला दोन गुंठ्यांचा तुकडा, जो मी भाजी विकून स्वतः घेतला, तो नशरा मुकादम हिला देते. त्यावर एका बिल्डरचा डोळा आहे, तो त्याने काढून घ्यावा.

४. यासाठी माझ्या मरणाची वाट कोणी बघू नये. सकीनाचे अंगण आणि तो तुकडा यांच्या मधली भिंत येत्या सोमवारी पाडायची आहे, कागद नंतरच्यासाठी. काल हरेशला सगळे वाचून दाखवले. तो उठून परसात जाऊन भिंत बघून आला. मग म्हणाला, "आये, भिंत मी पाडतो. गोळा फेकायला सिमेंटचा गोल लागतो ना? केवढा करायचा, त्या पोरीला इचारून येतो." आणि चपला घालून गेलाही.

ठिकाण: सुकापूर
दिनांक: ९ डिसेंबर २०२५

सही: गोदूबाई बळीराम घरत

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. बाई पूर्ण शुद्धीत व फार खुशीत होत्या.

साक्षीदार:
१. डॉ. विश्वजीत केणी, सुकापूर
२. रमा भोईर, नेरे