चाराच्या वर एक

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (बसल्या जागेवरूनच घालते आहे, कारण उभं राहायचं त्राण उरलेलं नाही. तूही आधी नीट बसून घे आणि मगच पुढे वाच.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनी तुला जिना चढू देत नाही हे ऐकून बरं वाटलं. तिचं ऐकत जा, निदान एका बाबतीत तरी. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे तब्येतीने. बाकी जे काही झालंय त्याने मी चार दिवस नुसती आ वासून बसले आहे.

आपलं एकट्या झाकणांचं ऑनलाइन दुकान सुरळीत चाललं होतं. लोकांची झाकणं फुटतात, भांडी मात्र वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. घरातल्या पलंगाखालचा कप्पा हेच आपलं गोदाम. आमचे हे टेप घेऊन मापं काढतात, लेक फोटो काढते, सासूबाई झाकणं पुसून खोक्यात भरतात, आणि तू तिकडून वर्णनं लिहितोस. (मी काय करते? मी सगळ्यांना सांगते.) तू त्या तेरा नंबरच्या झाकणाबद्दल लिहिलंस ना, ‘घट्ट बसतं, उगाच खडखडत नाही, जुन्या पातेल्याला शोभेल अशी शांत सोबत’, ते एका बाईंनी वाचून दोन मागवली, पातेलं एकच असताना!

तर सरकारने नवा नियम करायला घेतला. प्रत्येक ऑनलाइन विक्रेत्याचं वेगळं गोदाम हवं, दारावर पाटी हवी, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून राहणारा एक तक्रार अधिकारी हवा. आमच्या घरात तक्रार करणारे मुबलक आहेत, अधिकारी एकही नाही. लहान विक्रेत्यांना यातून सूट मिळणार होती, पण लहान म्हणजे किती लहान, हे ठरायचं होतं. त्यासाठी सुनावणी ठेवली. आमच्या फोनवरच्या गटात चाळीसेक जण आहेत, मेणबत्त्या करणारी, बटणं विकणारा, चिंध्यांच्या बाहुल्यावाली. सगळ्यांनी एकमुखाने मला पाठवायचं ठरवलं. मला वाटलं, माझ्या बुद्धीवर विश्वास आहे. बटणवाला म्हणाला, ताई, तुम्ही एकदा सुरू झालात की कोणाला थांबवता येत नाही म्हणून.

पहिला धक्का दारातच बसला. पुरावा म्हणून मी पिशवीत अकरा झाकणं नेली होती. पहारेकऱ्याने एकेक बाहेर काढून उलटंपालटं केलं, कानाशी नेऊन वाजवलं, आणि त्यातलं एक स्वतःच्या डब्यावर बसवून पाहिलं. ते नेमकं बसलं! त्या माणसाचा चेहरा असा काही उजळला की परत मागायला माझी जीभ रेटेना. आत दहा झाकणं घेऊन गेले. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे लाल दिव्याचा माइक, आणि एका कोपऱ्यात ‘लहान विक्रेते’ अशी पाटी. त्या पाटीमागे सहा खुर्च्या, आणि पाचांवर कोट घातलेले गृहस्थ आधीच ऐसपैस बसलेले. माझ्या शेजारच्या कोटवाल्याला विचारलं, तुम्ही काय विकता? तो म्हणाला, आम्ही सगळंच विकतो, पण इतरांच्या मानाने फार लहान आहोत, जेमतेम तीनशे वीस माणसं. दादा, माझ्या हातातली पिशवी खाली पडली. दहा झाकणांचा असा खणखणाट झाला की अख्खी सभा माझ्याकडे वळून बघायला लागली. माझी ओळख अशी झाली.

पण खरा धक्का याच्यापुढे होता. सरकारने माझं ऐकून घेतलं! अरे, याची मी काहीच तयारी केली नव्हती. माझ्या भाषणाची सात पानं होती, त्यातली साडेसहा ‘आमचं कोणी ऐकत नाही’ यावर. आणि अध्यक्षबाई (बारीक अंगाच्या, चष्मा साखळीला लावलेल्या) म्हणाल्या, तुमच्या गटाचं पत्र मी दोनदा वाचलंय, बोला. पत्रावर पेन्सिलीच्या खुणासुद्धा होत्या! मग सुचेना म्हणून घरचंच सांगत सुटले. त्यातून ती सुनावणी फोनवर थेट दिसत होती आणि सासूबाई सकाळपासून चांगली साडी नेसून फोनसमोर बसल्या होत्या. कोणाचं नाव राहिलं असतं तर मला घरात पाऊल ठेवायची सोय नव्हती. म्हणून पाचही जणांचं काम नावानिशी सांगितलं, तुझंही. टंकलेखक सगळं टिपून घेत होता.

एवढ्यात कोटवाला उठून म्हणाला, पन्नास माणसांपर्यंतचं दुकान लहान धरावं. माझं डोकंच फिरलं. मी माइक ओढला आणि ओरडले, पन्नास? चार! चाराच्या वर एक माणूस गेला की ते दुकान लहान राहत नाही! (चारच का, ते मला विचारू नकोस. आमच्या जेवायच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत, तेच डोळ्यांपुढे आलं असावं.) लोकांनी बाकं वाजवली. कोटवाला मटकन खाली बसला. अध्यक्षबाईंनी ‘चार’ लिहून त्याखाली रेघ ओढली. मी घरी आले ती लढाई जिंकल्यासारखी. सासूबाईंनी दारातच पाठीवर थाप मारली. तेवढ्यात लेकीने बोटं मोजायला सुरुवात केली. आई, बाबा, आजी, मी, मामा. पाचव्या बोटावर ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

नियम आला, दादा. ‘चार किंवा कमी.’ मेणबत्तीवाली सुटली, बटणवाला सुटला, बाहुल्यावालीने मला फोनवर फुलं पाठवली. चाळीस जणांत मोठं दुकान एकच, माझं! अध्यक्षबाईंकडे धावत गेले, पाच करा म्हणून हात जोडले. त्या म्हणाल्या, अहो, तुम्ही इतकं पटवून दिलंत की आता बदलणं अवघड आहे. सोमवारपर्यंत चार नावांचा अर्ज गेला नाही, तर गोदाम, पाटी आणि अधिकारी. ते काही झेपायचं नाही, दुकान बंदच करावं लागेल.

आणि कोणाला काढू? यांना काढलं तर मापं चुकतील. लेकीला काढलं तर फोटो नाहीत. सासूबाईंचं तर नावही काढू नकोस. मामंजी गेल्यानंतर त्या चार महिने खिडकीत बसून होत्या, जेवायला हाक मारली तरी उठायच्या नाहीत. पलंगाखालची झाकणं बघून एक दिवस म्हणाल्या, हे असं धुळकट कोणाला पाठवणार आहात? आणि फडकं मागितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. आता तर मलाच शिकवतात. झाकणांबरोबर त्यांच्या रबरी कड्याही विका, म्हणून वर्षभर माझ्यामागे लागल्या आहेत. मी म्हटलं, सासूबाई, कड्या कोण विकत घेतंय! असो. दुकान त्यांचं औषध आहे, ते मी बंद करू देणार नाही.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
धाकटी बहीण

ता. क. सोबत एक कागद आहे. ‘मी झाकणांविषयी काहीही लिहीत नाही व पुढेही लिहिणार नाही.’ खाली सही करून उलट टपाली पाठव. राग मानू नकोस. तुला वाईट वाटणार हे मला कळतं, म्हणूनच एवढं लांबण लावलं.

ता. क. २. सोमवारनंतर काचेच्या बारा झाकणांची वर्णनं मात्र लगेच पाठव. खाली नाव घालू नकोस.

(यापुढचं अक्षर वेगळं.)

दादासाहेब, नमस्कार. खोकी-पाकिटं भरणं हे माझं काम, त्यामुळे पत्र वाचलं. तुमच्या सहीचा कागद मी रद्द केलाय, त्याच्याच पाठीमागे हे लिहिते आहे. सही अजिबात करायची नाही. तुमच्या वर्णनांवर झाकणं खपतात. दुकानाच्या अर्जातून माझं नाव मी काल नातीकडून खोडून घेतलं. त्यात आता चारच नावं आहेत, तुमचंही आहे. अर्ज गेलासुद्धा.

त्याच बैठकीत दुसरा अर्ज भरला. रबरी कड्या. ‘मालक’ या रकान्यात माझं नाव. एवढ्या वयात कुठल्याही कागदावर त्या जागी पहिल्यांदाच लागलं, म्हणून नातीला म्हटलं, मोठ्या अक्षरात लिही. माणसं एक. कड्यांची वर्णनं तुम्ही लिहिलीत तर दोन होतील, चाराला वाव आहे. सूनबाईची झाकणं मी पूर्वीसारखीच पुसत जाईन, सासू म्हणून. त्याला सरकारची हरकत नसावी.

सूनबाईला यातलं काही माहीत नाही. तिला फोन केलात तर आधी बसायला सांगा.